आधी विचार, तू कोण

सोमवार

आज माझं नाक कापलं गेलं, आणि सुरी माझ्याच हातात होती.

रविवारी रक्तपेढीची वीज दिवसभर बंद राहणार आहे. तळमजल्यावरचं मुख्य पॅनेल जळका वास मारायला लागलंय, ते वायरमन बदलणार. रक्ताच्या पिशव्या त्या दिवसापुरत्या शेजारच्या रुग्णालयाच्या शीतगृहात जातील. मशीनं मात्र इथेच बंद करून पुन्हा चालू करायची आहेत आणि ते काम माझं. म्हणून आमच्या मुख्य डॉक्टर, म्हणजे मोठ्या बाई, यांनी मला सांगितलं की प्रत्येक सर्व्हरवर कोणतं कर्नल चालू आहे ते लिहून दे. जुन्या कर्नलमध्ये म्हणे एक मोठं भोक सापडलंय, त्यातून कोणीही आत शिरू शकतं. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा, बाकी सगळं त्याच्या जिवावर नाचतं. असं मला माझ्याआधी इथे हेच काम करणाऱ्या माझ्या मामांनी शिकवलं, मी बाईंना शिकवलं, आणि बाईंनी आज मलाच धडा दिला.

मी ऐटीत यादी नेऊन दिली. आजीबाईच्या पुढे लिहिलं होतं, नवं कर्नल, काळजी नको. आजीबाई म्हणजे आमचा सगळ्यात जुना सर्व्हर. कोणाच्या अंगाला कोणतं रक्त चालतं नि कोणतं चालत नाही, याच्या इतक्या वर्षांच्या नोंदी तिच्या पोटात आहेत. बाईंनी चष्मा वर केला.

"तुझ्या लॅपटॉपसमोरही हाच आकडा आहे. टिंबासकट."

"योगायोग," मी म्हटलं.

"रक्तगट जुळला तर योगायोग. अंगठ्याचा ठसा जुळला तर माणूस एकच."

मी धावत खाली गेले. झालं होतं असं की माझ्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारीशेजारी उघड्या होत्या, एक आजीबाईची आणि एक माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची. मी कर्नल विचारणारी यूनेमची आज्ञा माझ्याच खिडकीत दिली होती. विचारलं आजीला, उत्तर दिलं नातीने! या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक, आणि मामांनी तर त्यावर मंत्रच दिला होता: "ठमे, परक्या खिडकीत शिरलं की आधी विचार, तू कोण? मग विचार, तुझ्यात काय चालतंय? पहिला प्रश्न गाळलास तर दुसऱ्याचं उत्तर कोणाचंही असू शकतं."

मग नीट विचारलं. आधी होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव. हो, आजीबाईच. मग यूनेम.

३.१०.

मी खुर्चीतच मागे सरकले. इतकं जुनं? तिच्या पत्र्यावर मामांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे, "नवं कर्नल, ५.१४". डिस्कवर पाहिलं तर ५.१४ खरंच बसवलेलं आहे. पण बसवलेलं वेगळं आणि चालू वेगळं. नवं कर्नल मशीन बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय अंगात येत नाही, आणि आजीबाई तीन वर्षांहून जास्त काळ एकदाही बंद झालेली नाही. मामांनी नवीन आणून ठेवलं आणि चालूच केलं नाही. ज्या माणसाने मला "लेबल वाचू नकोस, मशीनला विचार" म्हणून डोक्यात टपल्या मारल्या, त्याच माणसाने चुकीचं लेबल लावावं? दिव्याखाली अंधार म्हणायचं की काय?

छे. मामांचं काहीतरी कारण असणार.

मंगळवार

काम सुटल्यावर मामांकडे गेले. मामी घरात नवीनच शिस्त लावतेय. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या: साखर, मीठ, चहा. गॅसजवळ: "मी आल्यावर पेटवायचा." इथवर ठीक, पण बाथरूमच्या दारावरसुद्धा मोठ्या अक्षरात "बाथरूम". मी म्हटलं, "मामी, आता स्वतःच्या कपाळावरही 'मामी' लिहून टाक." ती हसली नाही. बाहेरच्या दाराला आतून, वरच्या चौकटीशी एक नवी कडीही बसवलीय, इतकी उंच की मलाच चवड्यांवर उभं राहावं लागलं. चोरांची भीती वाटते म्हणाली. चोर काय आतून येणार आहे?

मामा खिडकीपाशी बसले होते. मी गेले तर मान वर करून म्हणाले, "कोण?"

मीही काही कच्ची नाही. "होस्टनेम ठमी, कर्नल ठणठणीत!"

मामा जरा वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अगं ठमे! ये ये." माणूस निवृत्त झाला तरी परीक्षा घ्यायची खोड काही जात नाही.

मी सगळं सांगितलं. "मामा, आजीबाईवर ३.१० चालतंय."

"शक्य नाही. मी स्वतः नवं बसवलं."

"बसवलंत. पण चालू नाही केलंत."

ते शर्टाच्या कॉलरच्या आत बोट घालून काहीतरी चाचपत राहिले, ही एक नवीनच सवय लागलीय त्यांना. मग एकदम जोरात म्हणाले, "चालत्या गाड्याला खीळ घालू नका. बंद करू नका तिला!"

"अहो पण रविवारी वीजच जाणार आहे."

"बंद करू नका म्हणतोय ना!"

मामी हात पुसत बाहेर आली. "कसली एवढी कर्नल-कर्नल चाललीय? कोण कर्नल? जेवायला यायचेत का?"

मी पोट धरून हसले. मामाही हसले, पण जरा उशिरा, माझ्याकडे बघून.

बुधवार

तोंडचं पाणी पळालंय.

आजीबाईच्या डिस्कला कुलूप आहे. मशीन सुरू होताना एकदाच पासवर्ड विचारते, मग बंद होईपर्यंत विचारत नाही. म्हणजे तीन वर्षांत तो कोणी टाइप केलेला नाही, आणि रविवारी संध्याकाळी तो मला टाकावा लागणार. माझ्याकडे तो नाही. बाईंकडे नाही. तिजोरीत नाही. नाहीच असणार, कारण मामांचं ठरलेलं वाक्य होतं, "कागदावर लिहिलेलं चोरीला जातं, डोक्यातलं जात नाही."

आता कोणी म्हणेल, अगं, मशीन चालू आहे तोवर नोंदी दुसरीकडे उतरवून घे. घेतल्या. पण त्या वाचणारा प्रोग्राम मामांनी हाताने बांधलेला आहे. मी तो दिवसभर दुसऱ्या मशीनवर बसवत होते आणि तो दिवसभर आडवा पडत होता. नोंदींचा नुसता ढीग हातात घेऊन काय करू? सोमवारी सकाळी रुग्णालयातून विचारतील, या बाईला कोणती पिशवी द्यायची, आणि मी ढीग उपसत बसणार?

मामांना फोन केला. त्यांनी पासवर्ड झटकन सांगितला. इथे एक सोय आहे, चालू मशीनवरच पासवर्ड बरोबर की चूक ते तपासता येतं. तपासला. चूक. पुन्हा फोन केला, तर दुसराच सांगितला, तेवढ्याच खात्रीने. चूक. तिसऱ्यांदा मामीने उचलला. म्हणाली, "ते झोपलेत." मागून मामांचा आवाज येत होता, "कोणाचा आहे? कोणाचा आहे?"

बाई दारात उभ्या होत्या. "मिळाला?"

"मामा आहेत ना," मी म्हटलं. "माझी फिरकी घेताहेत."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांना काय कळणार आमच्या घरातली थट्टा.

गुरुवार

लॅपटॉप घेऊन मामांच्या पुढ्यातच ठेवला. म्हटलं, फोनवर नको, तुमच्या बोटांनीच टाका. आजीबाईची खिडकी उघडून दिली, पासवर्ड विचारणारी ओळ तयार ठेवली. "अक्षरं दिसणार नाहीत हं," मी उगाच सांगितलं. ज्याने मला शिकवलं त्यालाच मी शिकवतेय.

मामांनी बाह्या सारल्या. काय ऐट होती! दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि पूर्वीसारखे टकटक, टकटक. मी मामीला मदत करायला आत गेले. आत ऐकत होते, टकटक चालूच. पासवर्ड एवढा लांब?

बाहेर आले तर मामांना घाम फुटलेला. पडद्यावर आजीबाईची ओळ जिथल्या तिथे, वाट बघत.

"हिने घेतलाच नाही," मामा म्हणाले. "मशीन बदललंय कोणीतरी. ही ती नाही."

"ती तीच आहे, मामा."

"मला सांगू नकोस! मी बांधलंय तिला!" त्यांनी लॅपटॉप ढकलला, तो पडता पडता मी धरला. मामी मध्ये पडली तर तिच्यावर खेकसले, "तू कोण मध्ये बोलणारी?"

मामांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मीही तापले. म्हटलं, परीक्षेची एक हद्द असते. रविवारी माझी नोकरी जाईल ते जाईल, पण उद्या कोणाला चुकीचं रक्त चढलं तर? लॅपटॉप तसाच मिटला आणि चपला घातल्या. रागात वरची कडी हाताला येईना, तर मामीने स्टूलावर चढून काढून दिली. तिचे डोळे भरले होते. माझ्या ते लक्षात आलं, तरी मी थांबले नाही.

शुक्रवार

आजचं लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी रक्तपेढीत लॅपटॉप उघडला. आजीबाईच्या खिडकीशेजारी माझ्या टिपणांची पांढरी फाइल उघडी होती. काल मामांकडे नेली तेव्हा तिच्यात यादीखेरीज काही नव्हतं, आणि नंतर भांडणात मी तिच्याकडे पाहिलंच नाही. आज तिच्यात पानभर मजकूर होता. मामांनी खिडकी चुकवली होती. मी सोमवारी केली तीच चूक. आजीबाईच्या खिडकीत एक अक्षरही गेलं नव्हतं, सगळं इकडे उमटलं होतं. आणि इथे अक्षरं दिसतात.

मला वाटलं, बरं झालं, आयता पासवर्ड सापडला. काखेत कळसा नि गावाला वळसा. हसत हसत वाचायला लागले.

"मी रक्तपेढीत काम करतो. माझं घर पाण्याच्या टाकीमागे आहे. मी वाट चुकलो आहे. माझ्या बायकोला फोन करा."

पुढे मामीचा नंबर. त्याखाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. कुठे नंबरातला एक आकडा गळालेला, कुठे "बायकोला" ऐवजी "बाईला". खाली खाली वाक्यं आखूड होत गेलेली. शेवटच्या ओळीत फक्त "माझं घर".

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी.  मशीनने त्यांना विचारलं, शब्द सांग, आणि त्यांच्याकडे पाठ असलेले एवढेच शब्द उरले होते, ते त्यांनी प्रामाणिकपणे पुन्हा पुन्हा टाकले. आणि मी आत पोळपाट पुसत म्हणत होते, पासवर्ड एवढा लांब?

साखर. मीठ. बाथरूम. गॅसजवळची चिठ्ठी. वरची कडी. आतून.

तशीच उठून मामांच्या घरी गेले. ते झोपले होते, खरंच झोपले होते. मामी खाली बसून त्यांच्या शर्टाच्या कॉलरला आतून पांढरी पट्टी शिवत होती. पट्टीवर मामांचं नाव आणि तिचा फोन नंबर.

"तुला काय वाटलं, मला म्हातारपणी शिस्त सुचली?" ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, सगळ्यांना कळलं तरी चालेल, ठमीला नको. ठमी मला अजून शहाणा समजते."

मी मामीच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. मामी नाही रडली. तिचं रडून झालं असावं.

मग तिने सांगितलं. नोकरी सोडायच्या आधी काही दिवस मामा घरी येऊन एक वही घेऊन बसायचे आणि शब्द लिहून खोडायचे. काय शोधताय विचारलं तर म्हणाले, "दार उघडायचा शब्द गेला. नवं बसवलंय, पण चालू करायला गेलो तर ती शब्द विचारेल. म्हणून बंदच करायची नाही." वहीत तो शब्द नव्हताच, वही त्यांनी स्वतःच फाडली. मग मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आणि जाताना मोठ्या बाईंना सांगून माझी नेमणूक करवली.

म्हणजे चिठ्ठी खोटी नव्हती. ते नवं बसवून तयार होते आणि त्याच वेळी त्यांना कळलं. तीन वर्षं त्या मशीनचा पंखा घरघरतोय तो मामांच्या भीतीवर. आणि मी त्याला हट्टीपणा म्हणत होते!

मी आल्यावर मामा दर वेळी "कोण?" म्हणायचे. आणि मी खुशीत होस्टनेम सांगायचे.

शनिवार

आज बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला संशय होता. तुझ्या तोंडावर बोलायला जीभ रेटली नाही." मग म्हणाल्या, "आता?"

आता पासवर्ड मामांच्या डोक्यात नाही, हे एकदा कबूल केल्यावर माझं डोकं ताळ्यावर आलं. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आहे? आजीबाईच्या. ती चालू आहे म्हणजे तिचं कुलूप आतून उघडं आहे, किल्ली तिच्याच स्मरणात कुठेतरी आहे. नव्या कर्नलमध्ये ती किल्ली अशी लपवून ठेवतात की मालकालाही दिसत नाही. जुन्यात मालकाने विचारलं तर समोर ठेवतात. सगळा प्रश्न एवढाच की आजीबाईवर खरोखर कोणतं चालू आहे. चिठ्ठीवर भरवसा ठेवला असता तर मी विचारलंच नसतं.

आधी विचारलं, तू कोण? तीनदा विचारलं. मग, तुझ्यात काय चालतंय?

३.१०. जुनंच. मला त्या आकड्याचा मुका घ्यावासा वाटला.

किल्ली मागितली. तिने दिली. ओळभर आकडे आणि अक्षरं, कोणाला काही अर्थ नसलेली.  त्या किल्लीने मी कुलपाला नवा पासवर्ड जोडला आणि तपासला. बरोबर. तो डोक्यात ठेवला नाही. दोन पाकिटांत घालून एक पाकीट तिजोरीत ठेवलं आणि एक बाईंकडे दिलं.

बाई म्हणाल्या, "मामांनी तीन वर्षांपूर्वी घाईने बंद-चालू केलं असतं तर सगळंच गेलं असतं. भ्यायले म्हणून वाचलं." मला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.

रविवार

आजीबाईला स्वतःच्या हाताने बंद केलं. पंखा थांबला तेव्हा खोलीत अशी शांतता झाली की वायरमननेही वर पाहिलं. तीन वर्षांत त्या खोलीत कोणी असं काही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी वीज आली. बटण दाबलं. काळा पडदा, मग ती ओळ: पासवर्ड?  बाईंनी पाकीट फोडलं, मी टाइप केलं. क्षणभर पडद्यावर काहीच नाही. मग पांढऱ्या ओळी धावायला लागल्या आणि बाईंनी चक्क माझ्या पाठीत धपाटा घातला.

तू कोण? आजीबाई. तुझ्यात काय चालतंय? ५.१४. चिठ्ठी आजपासून खरी.

तशीच मामांकडे गेले. मामी दुसऱ्या शर्टाला पट्टी शिवत होती. मामा खिडकीपाशी. मी समोर बसले आणि या वेळी कोडी घातली नाहीत. "मामा, मी ठमी. तुमची भाची. आजीबाई बंद केली आणि पुन्हा उठली. नवं चालतंय."

मामांनी माझ्याकडे मान वळवली. "आधी विचारलंस?"

"काय?"

"तू कोण म्हणून."

 "विचारलं, मामा. दोन्ही विचारलं."

"शहाणी आहेस." मग कॉलरच्या आत बोट घालून ती पट्टी चाचपत म्हणाले, "मला पहिला विचारू नकोस. त्याचं उत्तर हिने इथे शिवलंय. दुसरा विचार."

मी मामीकडे पाहिलं. तिची सुई थांबली होती.

"मामा," मी विचारलं, "तुमच्यात काय चालतंय?"

"जुनंच," मामा म्हणाले. त्यांची नजर माझ्यावरून बाहेरच्या दाराकडे गेली, वर चौकटीपर्यंत. "पण चालतंय गं. मला बंद करू नका."

 मंगळवारी ते हेच ओरडत होते आणि मी त्यांना मशीनबद्दल समजावत बसले होते.

मामीने शर्ट बाजूला ठेवला, स्टूल ओढलं, त्यावर चढून कडी काढली आणि दार सताड उघडलं. मग मामांच्या एका बाजूला ती आणि एका बाजूला मी, अशा तिघांनी पाण्याच्या टाकीपर्यंत एक फेरी मारली.